मेलबर्नच्या मैदानावरचा रोजेदार

मेलबर्न क्रिकेट ग्राउंड नागपूरकरांना नवे नाही. १९९२ आणि २०१५ च्या विश्वचषकांचे अंतिम सामने तिथेच झाले. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये विराट कोहलीने पाकिस्तानच्या हारिस रौफला मारलेले ते दोन षटकार तर अजूनही पानठेल्यावर निघतात. मात्र हे मैदान वर्षातले सात महिने क्रिकेटचे नसतेच, हे आपल्याकडे फार कुणाला ठाऊक नाही. मार्च ते सप्टेंबर तिथे ‘ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल’ नावाचा खेळ चालतो आणि क्रिकेटला कधीमधी मिळणारी गर्दी या खेळाला सहज मिळते. ३० सप्टेंबर २०१७ रोजी या खेळाची अंतिम लढत पाहायला त्या मैदानावर १ लाख २१ माणसे बसली होती. रिचमंड क्लबने अॅडलेडला ४८ गुणांनी हरवले आणि तब्बल ३७ वर्षांनी चषक घरी नेला. त्या विजयी संघात डाव्या पायाने लांब किक मारणारा, १४ क्रमांकाचा एक दाढीवाला बचावपटू होता. त्याचे नाव बशार हूली. पाच वेळची नमाज आणि रमजानचे रोजे उघडपणे पाळत या खेळाच्या सर्वोच्च पातळीवर खेळलेला पहिला खेळाडू म्हणून त्याचे नाव घेतले जाते.

रमजानच्या पानावर त्याची आठवण काढण्याला कारण आहे. २०२५ च्या ४ मार्चला दुबईत चॅम्पियन्स ट्रॉफीच्या उपांत्य सामन्यात मोहम्मद शमीने सीमारेषेजवळ बाटली तोंडाला लावली. रमजानचे दिवस होते. त्या दिवशी त्याने ऑस्ट्रेलियाचे तीन गडी बाद केले, भारत जिंकला आणि अंतिम फेरीत गेला. दोन दिवसांनी बरेलीच्या एका मौलानांनी शमीला शरियतचा गुन्हेगार ठरवले. लगेच दुसऱ्या बाजूने, प्रवासात असलेल्याला रोज्याची सूट आहे, हे सांगणारे इतर उलेमाही पुढे आले. चार दिवस वाहिन्यांना खाद्य मिळाले. एवढ्या गदारोळात एक साधा प्रश्न मात्र कुणी विचारला नाही. व्यावसायिक खेळाडू रमजान नेमका काढतो तरी कसा? हूलीच्या कारकिर्दीत या प्रश्नाचे उत्तर बरेच तपशिलात सापडते.

आधी खेळ थोडा समजून घ्यायला हवा. नावात फुटबॉल असला तरी हा आपला फुटबॉल नव्हे. १८५८ साली टॉम विल्स नावाच्या क्रिकेटपटूने वर्तमानपत्राला पत्र लिहिले की, हिवाळ्यात क्रिकेटपटूंचे अंग सुस्तावू नये म्हणून एखादा फुटबॉल क्लब काढावा. पुढच्याच वर्षी मेलबर्नमध्ये नियम लिहिले गेले. म्हणून हा खेळ क्रिकेटच्याच लंबगोल मैदानावर खेळतात. प्रत्येक बाजूला १८ खेळाडू, अंड्याच्या आकाराचा चेंडू आणि दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून किक मारली की सहा गुण, बाजूच्या खांबांतून गेली की एक. गोलरक्षक नाही. चेंडू हातात घेऊन पळता येते, पण पंधरा मीटरच्या आत तो एकदा जमिनीवर टप्पा द्यावा लागतो. सहकाऱ्याकडे फेकता येत नाही, मुठीने ठोसून द्यावा लागतो. वीस-वीस मिनिटांची चार सत्रे असतात, आणि खेळ थांबला तेवढा वेळ वाढवला जातो. एका सामन्यात खेळाडूचे बारा-तेरा किलोमीटर धावणे होते, वर धडका वेगळ्या. हेल्मेट नाही, खांद्यावर पॅड नाही. रोजा ठेवून असा खेळ खेळणार कसा, ही शंका कुणालाही यावी.

हूलीचा जन्म १९८८ चा, मेलबर्नमधलाच. आईवडील लेबनॉनमधून तिथे गेलेले. स्थलांतरितांच्या घरात सहसा जे होते तेच. मुलाला गल्लीतला खेळ आवडला आणि घराला तो खेळ काही ठाऊक नव्हता. २००६ च्या अखेरीस, अठराव्या वर्षी, त्याची एसेंडन क्लबने निवड केली. या खेळात नवख्यांना क्लब निवडायचे स्वातंत्र्य नसते. ‘ड्राफ्ट’ नावाच्या पद्धतीत क्लब आळीपाळीने मुले उचलतात. हूलीचा क्रमांक ४२ वा लागला. म्हणजे आधी ४१ जण निघून गेले होते.

एसेंडनमधली चार वर्षे फारशी सांगण्यासारखी नाहीत. एका हंगामात नुसत्या साखळीचेच २२ सामने असताना चार हंगामांत मिळून त्याच्या वाट्याला आले २६. संघात आत-बाहेर चालू राहिले. २०१० संपताना तो रिचमंडकडे गेला, आणि तोवर कारकीर्द तिथेच विरून जाणार असे म्हणायला पुरेसा आधार होता. पुढच्या अकरा वर्षांत तो रिचमंडसाठी २०६ सामने खेळला. २०१७, २०१९ आणि २०२० असे तीन चषक त्याच्या नावावर आहेत. २०१९ मध्ये, एकतिसाव्या वर्षी, त्याला ‘ऑल-ऑस्ट्रेलियन’ संघात जागा मिळाली. वर्षभरातल्या उत्तमोत्तम खेळाडूंमधून निवडला जाणारा हा मानाचा संघ. २०२१ मध्ये तो निवृत्त झाला. मुस्लिम घरातले खेळाडू या खेळात त्याच्याआधीही होते. अल्बेनियन मुळांचा आदेम येझे मेलबर्न क्लबकडून २७१ सामने खेळला होता आणि २०२४ पासून तोच रिचमंडचा मुख्य प्रशिक्षक आहे. हूलीने वेगळे केले ते एवढेच की आपण काय पाळतो हे त्याने लपवले नाही.

आता वेळेचे गणित बघा. तिथले सामने परंपरेने दुपारी दोनच्या सुमारास सुरू होतात आणि अडीच तास चालतात. जून-जुलै हा मेलबर्नचा हिवाळा. सूर्य सव्वापाचच्या सुमारास मावळतो. म्हणजे असरची नमाज सामना चालू असताना येते आणि मगरिबची वेळ खेळाडू अजून बूट सोडत असताना होते. पाच मिनिटांचे काम, पण त्यासाठी स्वच्छ कोपरा आणि थोडी शांतता लागते. लाखभर माणसे मावणाऱ्या स्टेडियममध्ये ती कुठे मिळणार? हूलीने हा प्रश्न उघडपणे मांडला. २०१२ च्या सुमारास ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगने आपल्या मैदानांवर सर्वधर्मीयांसाठी प्रार्थनेची खोली ठेवण्याचे धोरण आणले. मुस्लिम प्रेक्षक वाढत होते, त्यांनाही ती उपयोगी होती. यावर टीका झालीच. आपल्याकडे ज्याला ‘लांगूलचालन’ म्हणतात, त्याच चालीची. लाखाच्या स्टेडियममध्ये एक खोली वाढली म्हणून खेळाचे काय बिघडले, हे टीकाकारांना सांगता आले नाही.

रोज्याबाबतही त्याने वाट काढली, आणि ती धर्माच्या चौकटीतूनच काढली. रमजानमध्ये सरावाचे दिवस रोज्यात; सामन्याच्या दिवशी रोजा नाही आणि तो दिवस पुढे भरून काढायचा. अन्य धर्मीय वाचकांसाठी सांगायचे तर, रोजा म्हणजे काहीही झाले तरी न मोडणारा उपास नव्हे. आजारी, प्रवासी, गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई यांना सवलत आहे आणि सुटलेले दिवस ‘कजा’ म्हणून नंतर फेडायचे असतात. सामना खेळणे हे या सवलतीत बसते का, यावर उलेमांमध्ये एकमत नाही. २००९ मध्ये जर्मनीत हा वाद एका क्लबमुळेच पेटला. एफएसव्ही फ्रँकफर्टने न सांगता रोजे ठेवल्याबद्दल तीन खेळाडूंना ताकीद दिली. त्यानंतर तिथल्या मुस्लिमांच्या केंद्रीय परिषदेने थेट कैरोच्या अल-अझहरचे मत घेतले आणि सांगितले की, ज्याचे पोट खेळावर आहे आणि रोज्याने ज्याच्या खेळावर परिणाम होतो, त्याने रोजा पुढे ढकलावा. क्लबने विचारणा करावी, खेळाडूने सांगावे आणि धर्मपंडिताने मत द्यावे, इतके सरळ प्रकरण होते ते. आरडाओरडा झाला तो आधी कुणी बोलले नव्हते म्हणून.

क्रिकेटवेड्या वाचकाला इथे हाशिम आमला आठवेल. २०१२ च्या जुलैत ओव्हलवर त्याने नाबाद ३११ धावा केल्या. दक्षिण आफ्रिकेकडून झालेले ते पहिले त्रिशतक. रमजान नुकताच लागला होता. आपण प्रवासात आहोत, रोजे घरी गेल्यावर भरून काढू, असे त्याने सांगितले आणि विषय तिथेच मिटला. जो मुद्दा आमलाच्या एका वाक्यात संपला, त्याच मुद्द्यावर शमीला चार दिवस झोडपले गेले. फरक दोघांच्या श्रद्धेत नव्हता, आजूबाजूच्या माणसांत होता.

हूलीला झोडपणारेही भेटलेच. २०१५ मध्ये एका रेडिओ निवेदकाने सामना पाहताना त्याला ‘दहशतवादी’ म्हटल्याची तक्रार झाली. निवेदकाने माफी मागितली आणि हूलीने ती स्वीकारली. त्याने प्रकरण ताणले असते तर लोकांनी त्याला साथ दिली असती, पण तो पुढच्या सामन्याच्या तयारीला लागला.

त्याच्या चाहत्यांना मात्र २०१७ च्या जूनमधली गोष्ट अधिक अवघड जाते. रमजान नुकताच संपला होता. कार्लटनविरुद्धच्या सामन्यात हूलीने हात मागे फिरवला आणि तो जेड लॅम्ब या प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यावर बसला. लॅम्ब मैदानावरच भोवळून पडला. प्रकरण लीगच्या लवादापुढे गेले. तिथे हूलीच्या बाजूने त्याच्या चारित्र्याचे दाखले देण्यात आले. तत्कालीन पंतप्रधान माल्कम टर्नबुल यांनी त्याच्याविषयी काढलेले गौरवोद्गार मांडले गेले, पत्रकार वलीद अली यांचे शब्द मांडले गेले. लवादाने ते मनावर घेतले आणि दोन सामन्यांची बंदी देऊन मोकळा झाला. इतक्या जोरदार फटक्याला ही शिक्षा हलकी होती. मग लीगनेच, स्वतःच्या लवादाविरुद्ध, अपील केले. असे पूर्वी कधी झाले नव्हते. अपिलात शिक्षा दुप्पट झाली, चार सामने.

हा निर्णय योग्यच होता. मारणारा पाच वेळचा नमाजी आहे म्हणून ज्याला मार लागला त्याचे डोके कमी दुखत नाही. अल्पसंख्याक समाजातल्या एखाद्या माणसाला ‘आदर्श’ म्हणून उचलून धरण्यात एक खोड असते. त्याला आधी डोक्यावर घेतात, मग त्याच्या चुकीला सूट देतात, आणि त्या सुटीची किंमत पुढे त्याच्यासारख्याच दुसऱ्याला मोजावी लागते. ‘यांना वेगळा न्याय’ असे म्हणायला लोक टपलेलेच असतात. नमाजेला खोली मागणे आणि चुकीला सवलत मागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली रास्त होती आणि मिळाली. दुसरी मिळाली तेव्हा ती काढून घेतली गेली. हूली चार सामने बाहेर बसला, परतला, आणि सप्टेंबरअखेर त्या १ लाख २१ लोकांसमोर चषक हातात घेऊन उभा होता. कारकिर्दीला डाग लागला म्हणून ती संपत नाही. पण तो डाग नव्हताच असे सांगत फिरणारे चाहते त्याचे भले करत नाहीत.

२०२० चे वर्ष त्याच्यासाठी वेगळ्याच कारणाने कठीण गेले. आईला कोविड झाला, तिला अतिदक्षता विभागात ठेवावे लागले. साथ गांभीर्याने घ्या, अशी विनवणी करणारी त्याची चित्रफीत तेव्हा तिथल्या घराघरांत पाहिली गेली. त्या वर्षीची अंतिम लढत मेलबर्नऐवजी ब्रिस्बेनला झाली. रिचमंडने जिलाँगला ३१ गुणांनी हरवले आणि हूलीचा तिसरा चषक झाला.

खेळत असतानाच त्याने मुस्लिम शाळांतल्या मुलांसाठी स्पर्धा सुरू केली, ती ‘बशार हूली कप’. तिच्या जोडीला होतकरू मुलांची अकादमीही आहे. इस्लामी शाळांतल्या मुलामुलींपर्यंत हा चेंडू त्यामुळे पोहोचला. महिलांच्या लीगमध्ये २०१९ साली हनीन झ्रैका ही मुस्लिम तरुणी ग्रेटर वेस्टर्न सिडनीकडून उतरली. कार्लटनच्या बचावफळीतला अॅडम साद हाही रोजे पाळणारा. पहिल्या खेळाडूने वेळ आणि जागा मागून घेतली की दुसऱ्याला ती नव्याने मागावी लागत नाही.

हे सगळे मेलबर्नचे. नागपूरला त्याचे काय?

नागपुरात मुस्लिम पोरांना खेळाचे वेड नाही असे म्हणण्याची कुणाची हिंमत होणार नाही. कामठीचा रब्बानी क्लब, नागपूरचा यंग मुस्लिम क्लब यांची नावे जिल्ह्याच्या फुटबॉलमध्ये जुनी आणि वजनदार आहेत. क्रिकेटमध्ये फैज फजलने विदर्भाचे नेतृत्व करत २०१७-१८ आणि २०१८-१९ असा सलग दोनदा रणजी करंडक आणला, तेव्हा सीताबर्डी आणि मोमिनपुरा यांच्या आनंदात काही फरक नव्हता. आणि एखाद्या पोराला मैदानावर आणायला किती कमी लागते हे या शहरानेच जगाला दाखवले आहे. २००१ साली हिस्लॉप महाविद्यालयातले शिक्षक विजय बारसे यांनी पावसात फुटक्या बादलीला लाथा मारत खेळणारी झोपडपट्टीतली मुले पाहिली आणि त्यातून ‘स्लम सॉकर’ उभे राहिले.

प्रश्न रमजानचा आहे. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा, नुकताच संघात येऊ लागलेला. रोजे सुरू होतात. तो प्रशिक्षकाला काही सांगत नाही, कारण सांगितले तर ‘याला पुढच्या सामन्यात बसवा’ होईल ही भीती. प्रशिक्षक काही विचारत नाही, कारण धर्माचा विषय, उगाच कशाला. पहिल्या आठवड्यात मुलगा धापा टाकतो, दुसऱ्यात दांड्या मारतो, ईदनंतर येतो तेव्हा त्याची जागा गेलेली असते. घरी कुणी वडीलधारे म्हणतात, “बरे झाले, दहावी-बारावीचे वर्ष आहे, सुटला एकदाचा तो बॉल.” यात कुणीच दुष्ट नाही. पण एक खेळाडू कमी झाला, आणि तो का कमी झाला याची कुठे नोंदही नाही.

काही वर्षांपूर्वी तरी नागपूरच्या ऊन्हाचे कारण देता येत होते. २०१७ चा रमजान मे अखेरीला लागून जूनमध्ये संपला. हूलीचा मेलबर्नमधला रोजा हिवाळ्यातला, अकरा तासांच्या आसपासचा. नागपूरचा रोजा त्याच दिवशी चौदा तासांहून मोठा आणि वर आमचे ते प्रसिद्ध ऊन. त्या दिवसांत खेळाचे मैदान तसेही ओस. पण चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे रमजान दरवर्षी तेवढा अलीकडे येतो. २०२५ मध्ये जामठ्याच्या स्टेडियममध्ये विदर्भ आणि केरळ यांच्यात रणजीची अंतिम लढत झाली. विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक उचलला तो दिवस २ मार्च, आणि तोच भारतातला पहिला रोजा. म्हणजे रमजान आता उन्हाळ्यातून निघून थेट खेळांच्या हंगामात शिरला आहे. येती काही वर्षे तो फेब्रुवारी, जानेवारी, डिसेंबर असा सरकत जाईल. शालेय स्पर्धा, महाविद्यालयांचे सामने, फुटबॉलचे लीग, निवड चाचण्या, सगळे याच दिवसांतले. ऊन कमी आणि दिवस लहान, म्हणजे रोजा ठेवून खेळणे पूर्वीपेक्षा सोपे. अडचण उरते ती फक्त घड्याळाची.

ती सोडवायला खर्च लागत नाही. निवड चाचणी सकाळी ठेवली तर सहरी करून आलेला मुलगा ताजा असतो. तीच दुपारी चारला ठेवली तर तो दिवसाच्या सर्वात वाईट तासात धावतो. संध्याकाळचा सामना मगरिबच्या वेळी सुरू असेल तर चेंडू बाहेर गेल्यावर दोन मिनिटे थांबता येते. २०२१ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये लेस्टर आणि क्रिस्टल पॅलेसच्या सामन्यात हेच झाले. गोलरक्षकाने किक घ्यायला जरा उशीर केला, दोन रोजेदारांनी खजूर-पाणी घेतले, खेळ पुढे सुरू. फ्रान्सच्या फुटबॉल महासंघाने मात्र असे थांबण्याला मनाई केली आहे; दोन मिनिटांत प्रजासत्ताकाला काय धोका होता ते त्यांनाच ठाऊक. नागपुरात संकष्टीला चंद्रोदयापर्यंत न जेवणारे प्रशिक्षक आहेत, नवरात्रात नऊ दिवस अनवाणी चालणारे पंच आहेत. रिकाम्या पोटी माणूस कसा असतो हे त्यांना समजावून सांगायची गरज नाही.

समाजाच्या बाजूनेही काही देणे आहे. मुलाने पहिल्या रोज्याआधी प्रशिक्षकाला सांगावे की, या तारखांना मी रोज्यात असेन, सामन्याच्या दिवशी काय करायचे ते घरी विचारून कळवतो. घरच्यांनी आणि मशिदीच्या इमामसाहेबांनी त्याला सवलत काय आहे, कजा कसा फेडायचा, हे नीट सांगावे; त्याने पाण्याचा घोट घेतला तर गल्लीत त्याची शमी करू नये. आणि रोजा ठेवूनच खेळायचे ठरवले असेल, तर दम संपल्यावर बदली खेळाडू मागायला लाजू नये.

२०३० साली रमजान दोनदा येणार आहे, एकदा जानेवारीच्या सुरुवातीला आणि पुन्हा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. त्या साली जो मुलगा सतरा वर्षांचा असेल, तो आज कामठीच्या किंवा मोमिनपुऱ्याच्या एखाद्या गल्लीत अनवाणी चेंडूमागे धावत आहे. जिल्हा संघटनांच्या आणि शाळांच्या क्रीडा विभागांच्या भिंतीवर मोठी दिनदर्शिका असतेच. वेळापत्रक आखताना तिच्यावर त्या दोन महिन्यांभोवती पेन्सिलीने एक रेघ ओढून ठेवायला पाच मिनिटे पुरतात.